पुरावा तपासला, गोड

"सही इथं," साहेब म्हणाले आणि त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

काकूंनी बोटाशेजारची ओळ वाचली. 'माझ्याकडून झालेली चूक मला मान्य आहे.' बावीस वर्षांपूर्वी याच टेबलावर, याच ओळीशेजारी दुसऱ्या एका साहेबांनी बोट ठेवलं होतं. मधल्या काळात पाच साहेब बदलले, टेबलाची काच दोनदा फुटली. ओळ तशीच होती.

"चष्मा आणला नाही," काकू म्हणाल्या.

चष्मा त्यांच्या नाकावर होता. साहेबांनी चष्म्याकडे पाहिलं, मग हेडक्लार्ककडे पाहिलं. हेडक्लार्कने फाईलमध्ये पाहिलं.

"बावीस वर्षांपूर्वीही त्यांनी हेच कारण दिलं होतं," तो म्हणाला. "नोंद आहे. तेव्हा त्यांना चष्मा लागलेला नव्हता."

साहेब चौतीस वर्षांचे, सहा फूट दोन इंच आणि स्वभावाने बरे होते. खुर्चीत बसले तरी उभे असल्यासारखे वाटत. "काकू," ते म्हणाले, "शुक्रवारी तुम्ही निवृत्त होताय. सही केलीत तर ही फाईल नीट बंद होईल आणि समारंभात मी तुम्हाला 'निष्कलंक सेवा' असं प्रमाणपत्र देईन."

"आणि नाही केली तर?"

"तर शुक्रवारी साडेपाचला तुम्ही निवृत्त आणि फाईल आपोआप बंद. प्रमाणपत्र मात्र नाही."

"म्हणजे निष्कलंक व्हायचं तर आधी कलंक मान्य करायचा."

"नियम आहे," हेडक्लार्क म्हणाला.

"आणि कुंपण?"

"ते सोमवारी जाणार," साहेब म्हणाले. "सही असली तरी आणि नसली तरी. मशीन ठरलंय. तिथं भिंत होणार."

"म्हणजे माझी सात झाडं."

"त्या झाडांची बागेच्या रजिस्टरमध्ये नोंद नाही, काकू."

"फाईलमध्ये आहे."

"फाईलमध्ये ती पुरावा म्हणून आहेत."

"तेच म्हणतेय मी," काकू म्हणाल्या आणि नाकावरचा चष्मा शोधायला घरी गेल्या.

काकू फळझाडांच्या सरकारी रोपवाटिकेत कलमं करायच्या. चौतीस वर्षं. सगळे त्यांना काकू म्हणत. सख्खा पुतण्या सोडून, कारण तो फोनच करत नसे. काम सांगायला सोपं होतं. खाली एका झाडाचं मूळ, वर दुसऱ्या झाडाचा डोळा, म्हणजे पानाच्या बेचक्यात असते ती कोंबाची गाठ. खालच्या रोपाला खुंट म्हणतात. त्याच्या सालीला चाकूने चीर द्यायची, साल अलगद उचलायची, आत डोळा सरकवायचा, वरून पट्टी बांधायची आणि एकवीस दिवस त्याच्याकडे बघायचंही नाही. गिऱ्हाईक येतं ते वरच्याचं नाव विचारत. खालच्याची चौकशी कुणी करत नाही. झाड केवढं होणार, किती वर्षं टिकणार, फळाची साल जाड की पातळ, रस गोड की पाणचट, यातलं बरंचसं मात्र जमिनीत तोंड खुपसून बसलेला खालचाच ठरवतो.

रोपवाटिकेत खुंट एकच चाले, जंबेरीचा. जंबेरी म्हणजे खडबडीत सालीचं आंबट लिंबू. ते दणादण वाढतं. कुंपणाला मात्र तिपानी होती: तीन-तीन पानांची, बोटभर काट्यांची, वाढायच्या बाबतीत कमालीची आळशी झुडपं. ती शेळ्या अडवण्यासाठी लावली होती आणि तेवढं काम ती मन लावून करत.

बावीस वर्षांपूर्वी, पाऊस नुकताच थांबलेला असताना, एका दुपारी तीन वाजता जंबेरीचे खुंट संपले आणि काकूंच्या ओल्या गोणपाटात संत्र्याचे अठरा डोळे उरले. ठेवले तर सुकणार. काकूंनी इकडेतिकडे बघितलं. समोर कुंपण होतं. सहज म्हणून त्यांनी एका झुडपाच्या सालीला चाकूचं टोक लावलं, तर साल कशी, लिफाफा उघडावा तशी सुटली. साल सुटतेय म्हटल्यावर कलम करणाऱ्याचा हात थांबत नाही. काकूंनी अठराच्या अठरा डोळे कुंपणात भरले, काट्यांनी सोललेल्या हाताला हळद लावली आणि त्या घरी गेल्या.

तीन आठवड्यांनी तेव्हाचे साहेब कुंपणामागे, पुरुषमाणसं कुंपणामागे ज्यासाठी जातात त्यासाठी गेले असताना, कुंपणाला संत्र्याचे कोंब फुटलेले त्यांना दिसले. ते काम अर्धवट टाकून परत आले आणि मेमो निघाला: 'आपण विनापरवाना डोळे भरून शासकीय कुंपणाचे फळझाडात रूपांतर केले आहे. खुलासा करावा.' काकूंनी खुलासा केला. साल सुटत होती. एवढाच. मग चौकशी लागली आणि चौकशीच्या कागदावर सगळ्यात खाली एक वाक्य आलं, जे प्रत्येक चौकशीत येतं: 'चौकशी पूर्ण होईपर्यंत पुराव्यास हात लावू नये.'

काकूंनी सही केली नाही. चौकशी पूर्ण झाली नाही. पुराव्याला हात लागला नाही.

अठरापैकी अकरा झाडं तरीही गेली. भिंती रंगवून उरलेला चुना कुणीतरी त्या टोकाला ओतला होता आणि तिपानीला चुना सोसत नाही. फाईलमध्ये आधी 'पुरावा पिवळा' अशी नोंद आहे, नंतर 'पुरावा मृत'. उरलेली सात मात्र जगली. संथ वाढली. पाच वर्षांत ती काकूंच्या खांद्याला आली आणि तिथं विचार करत थांबली. खुंट जाड, वरचं खोड बारीक. बापाचे बूट घालून मुलगा उभा राहावा तशी दिसायची. सहाव्या वर्षी फळं धरली. हेडक्लार्क, जो तेव्हा नुसताच क्लार्क होता, तो कर्तव्य म्हणून गेला, कर्तव्य म्हणून एक संत्रं सोललं, खाल्लं आणि परत येऊन फाईलमध्ये लिहिलं, 'पुरावा तपासला. गोड.'

तेव्हापासून दर हिवाळ्यात तो पुरावा तपासत आला. एका वर्षी त्याने 'फार गोड' असं लिहिलं होतं. मग सरकारी कागदावर ते बरं दिसेना म्हणून 'फार' खोडून बाजूला छोटी सही केली.

इकडे बागेतली जंबेरीवरची झाडं वर्षात कमरेला लागली, तिसऱ्या वर्षी फळली. फळं ही एवढी मोठी. पण साल जाड, आणि साल नि गर यांच्यात भांडण झाल्यासारखी पोकळी. रस तोंडात आला की, पाणी पितोय की संत्रं खातोय असा प्रश्न पडायचा. बाराव्या वर्षी बुंध्यातून डिंक वाहायला लागला आणि ओळीच्या ओळी बसल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा बसल्या. त्यांच्यावरचे डोळेही काकूंनीच भरले होते, परवान्यासकट, त्यामुळे त्याबद्दल कुणाला मेमो गेला नाही. काकू जंबेरीला नावं ठेवत नसत. "पाणी कमी असेल तिथं तीच," म्हणायच्या. "पण सगळीकडे तीच कशाला?" तिपानीचा एक वाफा करून बघू द्या, असे त्यांनी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: 'अर्जदाराविरुद्ध याच विषयात चौकशी प्रलंबित असल्याने विचार करता येत नाही.'

शिवाय पट्ट्याचा नियम होता. रोपवाटिकेच्या पहिल्या साहेबांना रोपांची उंची ठरवायची होती आणि त्या दिवशी मोजपट्टी सापडत नव्हती. "माझ्या पट्ट्याला लागलं की विकायचं," ते म्हणाले. ते तसंच टाईप झालं: 'रोपाची उंची साहेबांच्या पट्ट्याइतकी असावी.' मधले एक साहेब पाच फूट एक इंच होते. त्यांच्या काळात रोपवाटिकेला उत्कृष्ट कामाची ढाल मिळाली. आताचे साहेब रुजू झाले त्या सकाळी अर्धी रोपवाटिका नापास झाली. तिपानीवरचं रोप तर तेवढ्याच दिवसांत साहेबांच्या गुडघ्याला लागायचं, आणि गुडघ्याला पट्टा बांधणारे साहेब खात्यात अजून आले नव्हते.

त्या संध्याकाळी काकूंचे यजमान गॅलरीत शिलाई मशीनवर बसले होते. ते शिंपीकाम करत आणि गावातल्या सगळ्या कंबरा त्यांना पाठ होत्या. योगायोगाने मशीनवर साहेबांचीच पँट होती.

"अहो," काकू म्हणाल्या, "साहेबांची कंबर जरा खाली आणता येईल का?"

"किती?"

"वीतभर."

त्यांनी पँट उचलून उजेडात धरली. "फॅशन बदलली तर येईल. नाहीतर साहेब बदलावा लागेल." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "सही मागितली का आज?"

"मागितली."

"करून टाक की. बावीस वर्षं झाली. प्रमाणपत्र येईल, समोरच्या भिंतीवर लावू. खिळा मी ठोकतो."

"तुम्ही त्या नवरदेवाच्या कोटाला बाही उलटी लावली होती, तेव्हा चूक मान्य केली होती ना?"

"केली होती. बिचारा हात पुढे करायचा तर कोपर मागं जायचं."

"ती चूक होती म्हणून केलीत. माझी चूक नव्हती."

यजमानांनी दातांनी दोरा तोडला. "मग नको करूस," ते म्हणाले. "पण झाडं जाणारच ना?"

"जाऊ द्यायची नाहीत."

"कशी?"

"ते माहीत असतं तर साहेबांच्या कमरेला कशाला हात घातला असता मी?"

बुधवारी साहेब भिंतीची जागा बघायला कुंपणाशी आले. काकू तिथंच होत्या. फळं नुकती रंगावर येत होती. काकूंनी त्यातलं बरं पिकलेलं एक तोडून पुढे केलं. साहेबांनी ते उभ्याउभ्या संपवलं आणि बिया खिशात टाकल्या. मग बराच वेळ झाडाकडे वरून खाली बघत राहिले. झाड त्यांच्या हनुवटीला होतं.

"गोड आहे," ते म्हणाले. "पण प्रश्न गोडीचा नाही, काकू. लोक रोप बघून घेतात, फळ खाऊन नाही. पाच वर्षांनी गोड लागेल म्हणून आज गुडघ्याएवढं रोप कोण नेणार?"

"मी नेईन."

"लावणार कुठं?"

ते काही टोमणा म्हणून बोलले नव्हते, पण काकूंचं घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि गॅलरी, गॅलरीत शिलाई मशीन. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून लाखावर झाडं झाली होती आणि ती सगळी दुसऱ्यांच्या दारात होती. स्वतःची म्हणावी अशी ही सातच, आणि तीही पुरावा.

"इथंच," त्या म्हणाल्या. "लावलीच आहेत."

साहेबांनी मान हलवली, भिंतीसाठी पावलं मोजली आणि ते निघून गेले.

दुपारी हेडक्लार्क फाईल काखेत घेऊन आला. बंद होण्याआधी पुरावा शेवटचा तपासणं भाग होतं. तो आणि काकू झाडाखाली बसले. अंग चोरूनच बसले, कारण झाड दोघांपुरतं उंच नव्हतं.

"एक विचारू?" काकू म्हणाल्या. "मी निवृत्त झाले की ही चौकशी बंद. बरोबर?"

"जुनी असल्यामुळे. बरोबर."

"आणि निवृत्तीच्या दिवशीच कुणी नवा गुन्हा केला तर?"

हेडक्लार्कने संत्र्याची एक फोड तोंडात टाकली. ती पूर्ण संपल्याशिवाय तो बोलला नाही. "साडेपाचच्या आत मेमो निघाला, तर नवी चौकशी. ती निवृत्तीनंतरही चालते. माझ्या आधीच्या कचेरीत एकाने शेवटच्या दिवशी स्टेपलर नेला होता. तो वारला. चौकशी चालू आहे."

"आणि पुरावा?"

"स्टेपलर कपाटात आहे. हात लावू देत नाहीत." त्याने रुमालाला बोटं पुसली. "काकू, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत आणि मी नियम म्हणून दाखवला."

"मला कुठं ऐकू येतं," काकू म्हणाल्या.

शुक्रवारी सकाळी सातला काकू कुंपणाशी गुडघे टेकून बसल्या. ओल्या गोणपाटात डोळे होते, सातही झाडांवरून काढलेले. पाऊस थांबून दोन आठवडे झाले होते आणि साल सुटत होती. काकूंनी पहिल्या झुडपाच्या बुंध्याला आडवी चीर दिली, तिच्या मधोमध उभी, साल उचलली, डोळा सरकवला, पट्टी बांधली. मग दुसरं. तिपानी काटे राखून नव्हती. दहा वाजेपर्यंत काकूंचा डावा हात नकाशासारखा दिसायला लागला. जेवणाची वेळ झाली तेव्हा बावीस झाले होते. काकू पाणी प्यायल्या आणि त्यांनी तेविसावं घेतलं.

चार वाजता मोठ्या शेडमध्ये निरोप समारंभ सुरू झाला. चाळीस माणसं, चहा, बिस्किटं, मधोमध एक रिकामी खुर्ची. काकूंचे यजमान इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या ओळीत बसले होते. बायको कुठंय असं विचारल्यावर त्यांनी "कामावर असेल" असं सांगितलं. साहेबांनी रिकाम्या खुर्चीकडे बघत भाषणाचा पहिला परिच्छेद वाचला आणि मग त्यांना ते जमेना. कुणीतरी कुंपणाकडे बोट दाखवलं. सगळा समारंभ कप हातात घेऊन कुंपणाशी गेला.

"काकू," साहेब म्हणाले. "हे काय करताय?"

"विनापरवाना डोळे भरून शासकीय कुंपणाचं फळझाडात रूपांतर करतेय," काकू म्हणाल्या. मान वर केली नाही. "मेमो द्या."

"उठा बघू. सगळे थांबलेत."

"चार राहिलेत."

साहेब वाकले. त्यांना खालपर्यंत यायला वेळ लागला. हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, मी काही पाहिलंच नाही असं धरू. आपण आत जाऊ, मी प्रमाणपत्र देतो. सहीशिवाय देतो. तुमच्यासाठी एवढं करतो मी."

पट्टी बांधणारा काकूंचा हात थांबला. त्या दिवसात एकदाच थांबला. प्रमाणपत्र साहेबांच्या खिशातून डोकावत होतं; वरची सोनेरी किनार दिसत होती.

"सोमवारचं मशीन?" त्यांनी विचारलं.

"ते माझ्या हातात नाही."

"मग प्रमाणपत्रही तुमच्याच खिशात राहू द्या," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गाठ मारली. "मेमो द्या. पाच वाजत आलेत."

साहेब सरळ झाले. "मी मेमो देणार नाही."

हेडक्लार्क पुढे आला. त्याच्या हातात चहाऐवजी पॅड आणि कार्बन होता. "साहेब, चाळीस माणसांसमोर गैरप्रकार घडतोय. आपण मेमो दिला नाही, तर त्याला आपली संमती होती असा अर्थ होतो. मग मेमो वरून येईल. आपल्याला."

 कुणाचं तरी बिस्किट चहात पडलं.

"लिहा," साहेब म्हणाले.

हेडक्लार्कने उभ्याउभ्या लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. त्रेचाळीस झुडपं, जुनी सात झाडं, 'पुराव्याच्या सलगतेसाठी संपूर्ण कुंपण'. शेवटचं वाक्य नेहमीचंच होतं. साहेबांनी पाच वाजून बारा मिनिटांनी सही केली. काकूंनी आपल्या प्रतीवर 'मिळाला' असं लिहून खाली सही केली. चष्मा न शोधता.

"काकू, फळ यायला किती वर्षं लागतील याला?" कागद देताना साहेबांनी विचारलं.

"पाच-सहा."

"आणि माझ्या पट्ट्याला यायला?"

"तोवर तुमची बदली होईल."

कलमाचा चाकू सरकारी होता, तो जमा करायचा होता. हेडक्लार्कने तो 'गुन्ह्याचे हत्यार' म्हणून पाकिटात घालून लाखेने बंद केला. चौतीस वर्षांनी काकू प्रमाणपत्राशिवाय, चाकूशिवाय, मेमोची घडी कमरेला खोचून फाटकातून बाहेर पडल्या. यजमानांनी त्यांचा सोललेला हात बघितला. "रफू होण्यासारखं नाही," ते म्हणाले आणि तोच हात धरून चालायला लागले. सोमवारी मशीन आलं. मेमो बघून परत गेलं.

चौकशीची पहिली तारीख हेडक्लार्कने ठरवली होती. ती बरोबर एकविसाव्या दिवशी आली.

"गुन्हा कबूल आहे?" साहेबांनी विचारलं. टेबल-खुर्ची कुंपणाशीच मांडली होती. पुरावा हलवता येत नव्हता.

"नाही."

"आरोपीने हत्यार ओळखावं," हेडक्लार्क म्हणाला आणि पाकीट फोडलं.

काकूंनी चाकू हातात घेतला. मूठ ओळखीची होती, अंगठ्याजवळ झिजलेली. त्या पहिल्या झुडपाशी गुडघे टेकून बसल्या आणि पाठीमागून पट्टी कापली. साहेब खुर्चीतून उठून बघायला आले. डोळा हिरवा होता, तांदळाएवढा, सालीला घट्ट चिकटलेला. काकू पुढे सरकल्या. दुसरा हिरवा. तिसरा काळा पडला होता. चौथा हिरवा. त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस.

हेडक्लार्कने लिहिलं, 'पुरावा तपासला. हिरवा.' मग पेन तसंच धरून म्हणाला, "पुढची तारीख. चव तपासायची तर फळ यायला हवं. सहा वर्षांनंतरची देऊ?"

"द्या," काकू म्हणाल्या.

"मी दोन वर्षांत निवृत्त होतोय, काकू."

"माहितीये." काकूंनी त्याच्याकडे बघितलं, मग सात जुन्या झाडांकडे. "फाईल असेल ना?"

"फाईल असेल."

त्याने तारीख लिहिली आणि पाकीट पुढे केलं. काकूंनी चाकूचं पातं पदराला पुसलं, अंगठ्यावर धरून पाहिलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पाकिटात राहून धार गेलीय," त्या म्हणाल्या. "तारखेच्या आधी एकदा दगडावर घासून ठेवा."